पहिली रांग विकायची नसते

चांद्र सातव्या महिन्याच्या पहिल्याच दुपारी यानत्सेने जी चूक केली, ती ताइनान शहरातल्या शेंबड्या पोरानेही केली नसती. त्याने पहिल्या रांगेतलं तिकीट विकलं.

सातव्या महिन्यात पलीकडचं दार उघडतं आणि गेलेली माणसं महिनाभर इकडे हिंडायला येतात. त्यांना भूत म्हणायचं नाही, 'भाऊमंडळी' म्हणायचं. या महिन्यात लग्न ठरवायचं नाही, नवं काही सुरू करायचं नाही, कारण सुरू केलेलं टिकत नाही. आणि 'तीन बगळे' थिएटरात पहिली रांग विकायची नाही. मालकीणबाई मेइजू त्या रांगेतल्या बारा खुर्च्यांवर स्वतःच्या हाताने मक्याच्या कुरकुऱ्यांची एकेक हिरवी पिशवी ठेवायच्या. भाऊमंडळी फुकट बघतात, पण त्यांचा मान राखला तर प्रोजेक्टर बिघडत नाही, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता.

यानत्सेला हे सगळं तोंडपाठ होतं. सहा वर्षं तो थिएटरच्या तिकीटखिडकीत बसत होता. पण खिडकीपलीकडचा तरुण उन्हाने लालबुंद झाला होता, त्याच्या बोटांना पेरूचा वास येत होता, आणि हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती. उजवीकडेही पडते का, हे बघण्याच्या नादात यानत्सेचं बोट यंत्रावर भलतीकडेच पडलं.

"अगदी पुढची जागा?" तिकीट बघून तो म्हणाला. "बरं झालं... पाय पसरता येतील."

तो आत गेला तेव्हा दिवे मालवलेले होते. यानत्सेला आपली चूक कळली तेव्हा सिनेमा सुरू झालेला होता. आता जाऊन सांगणार काय? की उठा, तुम्ही कोणाच्या तरी मांडीवर बसलाय?

थिएटरात गेले पाच आठवडे एकच सिनेमा चालला होता, 'दोन वाडगे, एक नदी'. आशेंग आणि छोटा तांग हे दोन होडीवाले एकमेकांच्या प्रेमात पडतात. होडीतच चूल मांडतात, नूडल्स शिजवतात, भांडतात, हसतात. मग पूर येतो आणि छोटा तांग बुडतो. आशेंग म्हातारा होतो, आणि पुरापासूनचं हे सगळं शेवटच्या अकरा मिनिटांत आहे.

शहर या सिनेमापायी वेडं झालं होतं. कॉलेजच्या मुली घोळक्याने यायच्या आणि पूर यायच्या आधीच हुंदके सुरू करायच्या. जोडीने आलेले पुरुष अंधारात एकमेकांचा हात धरायचे आणि दिवे लागले तरी सोडायला विसरायचे. एक टॅक्सीवाला चार वेळा बघून गेला. डोळे लाल का, असं विचारलं की एसी लागतो म्हणायचा. काउंटरवर अभिप्रायाची वही होती. तीत कोणीतरी तीन पानी जाब विचारला होता, की तांगला पोहता येतं हे दुसऱ्याच प्रसंगात दाखवलंय, मग तो बुडला कसा? त्याखाली सतरा जणांनी सह्या केल्या होत्या.

पण सगळ्यांत निष्ठावंत म्हणजे ग्वो काकू. चाळीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. पाचव्या रांगेत बसायच्या, मांडीवर टॉवेल पसरायच्या, रुमाल त्यांना पुरत नसे. हॉस्पिटलात रडायची सोय नव्हती, आता निवांत रडून घेते, असं म्हणायच्या.

शो संपत आला की यानत्से टिश्यू पेपरचा डबा घेऊन बाहेरच्या दालनात उभा राहायचा. त्या दिवशी तो उभा राहिला आणि अकरा मिनिटं बाकी असतानाच पडद्याशेजारचं छोटं दार उघडलं. पेरूच्या वासाचा तरुण बाहेर आला. यानत्सेने सवयीने डबा पुढे केला.

"नको," तो म्हणाला. "माझ्या सिनेमात कोणी मेलं नाही."

"अजून अकरा मिनिटं आहेत."

"अंदाज होता. त्या दोघांनी नूडल्स वाढून घेतले, एकमेकांकडे बघून हसले... म्हटलं, आता एक जण जाणार. मी उठलो."

"शेवट बघायचाच नाही?"

"आपल्या लोकांचा सिनेमा आला की शेवटी एकाला मारतातच. खऱ्या आयुष्यात आता कचेरीत जाऊन रीतसर लग्न लावता येतं. माझ्या चुलतभावाने लावलं. पंगतीत कोळंबी कमी पडली, तेवढंच काय ते दुःख. आणि पडद्यावर आपण अजून बुडतोच आहोत."

'आपल्या' या शब्दापाशी यानत्से अडखळला. "आपल्या, हे तुम्हाला... कसं कळलं?"

"उजव्या गालाला खळी नाहीये," तो म्हणाला. "मघापासून शोधताय म्हणून सांगितलं."

यानत्सेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या तरुणाचं नाव जिंगहाव होतं, एवढं कळेस्तोवर आतून हुंदक्यांची लाट आली आणि दारं उघडली.

पुढच्या बुधवारी जिंगहाव पुन्हा हजर, पुन्हा उशिरा, आणि त्याला तीच जागा हवी होती. यानत्सेने एकदा वर बघून मनातल्या मनात भाऊमंडळींची माफी मागितली आणि तिकीट दिलं. पहिल्या चुकीला चूक म्हणता येतं. दुसऱ्या वेळी माणूस जे करतो त्याला काय म्हणायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

अकरा मिनिटं बाकी असताना दार उघडलं. या वेळी जिंगहावच्या हातात पेरूच्या फोडी होत्या, वर आंबटगोड आलुबुखाराची पूड भुरभुरलेली. वडिलांचं फळांचं आणि बर्फाचं दुकान होतं, बुधवारी बंद. दोघांनी दालनातल्या बाकावर बसून एकाच काडीने फोडी खाल्ल्या. दुसरी काडी आणायला विसरलो, असं जिंगहाव म्हणाला. त्याच्या खिशातून दुसरी काडी डोकावत होती, आणि ती दिसूनही यानत्सेने पहिलीच काडी घेतली.

"तैपेईत होतो पाच वर्षं," जिंगहाव सांगत होता. "तीन नोकऱ्या केल्या. काढून टाकणार असं वाटलं की मीच आधी सोडायचो."

"आणि माणसं?"

"एक होता." काडी फोडीत रुतवून तो थांबला. "खूप छान चाललं होतं... म्हणून उठलो."

आपलं मन ज्याच्यावर बसतंय तो ऐन नूडल्सच्या वेळी उठून जाणारा माणूस आहे, हे यानत्सेला त्या बाकावर नीट कळलं. कळून उपयोग नव्हता. मन बसलेलं होतं.

त्याच संध्याकाळी ग्वो काकू काउंटरवर आल्या. त्यांच्या हातात कुरकुऱ्यांची रिकामी हिरवी पिशवी होती. पहिली रांग, सातवी खुर्ची, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. मागच्या बुधवारीही त्यांनी पाहिलं होतं. अंधारात एक आकृती त्या खुर्चीत बसते, बरोब्बर नूडल्सच्या प्रसंगाला उठते, पडद्याच्या दिशेने जाते आणि नाहीशी होते.

"स्वतःचं मरण कोणाला बघवेल?" ग्वो काकू म्हणाल्या. "तो छोटा तांग आहे."

टॅक्सीवाला तिथेच होता. त्याने म्हटलं, की काकू, तांगचं काम करणारा नट धडधाकट आहे, कालच शाम्पूच्या जाहिरातीत दिसला.

"नट जिवंत आहे हो. पण तांग मेला की नाही? चौदा वेळा मेलाय, माझ्या डोळ्यांदेखत."

खरं काय ते यानत्सेला माहीत होतं. सांगायला त्याने तोंडही उघडलं होतं... पण येत्या शुक्रवारी हा सिनेमा उतरवायचा, असं मालकीणबाईंनी सकाळीच ठरवलं होतं. सिनेमा उतरला की बुधवार संपले. यानत्सेने उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

बातमीला पाय फुटले. शनिवारपर्यंत सगळे शो भरले. बुधवारच्या तिकिटांसाठी तर कॉलेजच्या मुली सकाळी आठपासून रांगेत. लोक सिनेमा कमी आणि पहिल्या रांगेतला अंधार जास्त बघू लागले. सातवा महिना संपेपर्यंत, एकोणतिसाव्या तिथीच्या बुधवारपर्यंत, सिनेमा ठेवायचं मालकीणबाईंनी जाहीर केलं. यानत्सेला तीन बुधवार बक्षीस मिळाले, तेही एका खोट्या भुताच्या कृपेने.

पंधराव्या तिथीला सगळ्या गावाने दारोदार भाऊमंडळींसाठी टेबलं मांडली. 'तीन बगळे'समोरचं टेबल फुटपाथभर पसरलं. प्रेक्षकांनी तांगसाठी काय काय आणलं होतं. रबरी बूट, कोरडे मोजे, तळलेल्या कणकेच्या कांड्या, पोहायचं टायर, आणि टॅक्सीवाल्याने आणलेलं नारिंगी लाइफ जॅकेट. त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'छोट्या तांग, हे आधी घाल.'

जिंगहाव त्या जॅकेटपुढे बराच वेळ उभा होता. यानत्सेने त्याला बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. पहिली रांग कोणाची, कुरकुरे कोणाचे, आणि छोटा तांग म्हणून सध्या कोण गाजतंय. जिंगहाव आधी पांढरा पडला, मग खांबाला धरून हसत सुटला. हसता हसता एकदम थांबला.

"म्हणजे तांग मरतो तर. मला आपला आशेंग वाटला होता." त्याने नाक चोळलं. "मग आशेंग काय करतो?"

"ते बसून बघायचं असतं."

"सांग ना."

"नाही सांगणार."

"आता ती खुर्ची सोडू का?"

"सोडलीस तर सिनेमा उतरेल."

"सिनेमा चालायला हवाय तुला?"

यानत्सेने उदबत्त्यांच्या धुराकडे बघितलं. "बुधवार चालायला हवेत," तो म्हणाला.

जिंगहावच्या डाव्या गालाला खळी पडली. पुढे बोल, म्हणाला तो. यानत्सेने मान हलवली. "या महिन्यात नाही. या महिन्यात सुरू केलेलं टिकत नाही. महिना संपू दे... मग बोलतो."

शहाणपणाचं वाटलं होतं ते त्याला. पण ज्याला शेवटाची भीती वाटते त्याला वाट बघायला लावू नये. बाविसाव्या तिथीला जिंगहाव आला तो पेरू न घेता. बाकाच्या कडेला बसला आणि भिंतीवरच्या पोस्टरशी बोलावं तसं बोलला. चुलतभाऊ पूर्वेकडे, हुआलिएनला दुकान टाकतोय. हाताखाली माणूस हवाय. पुढच्या गुरुवारी निघायचंय.

"महिना संपला की लगेच," यानत्से म्हणाला.

"हो. योगायोग."

"तू उठतोयस."

आत नदीला पूर आला, आणि यानत्सेला पहिल्यांदाच वाटलं की बाहेरच्या दालनातही टिश्यू ठेवायला पाहिजेत... मग आठवलं, डबा आपल्याच मांडीवर आहे.

एकोणतिसावी तिथी उजाडली. संध्याकाळी पलीकडचं दार मिटणार होतं. थिएटर खच्चून भरलं. ग्वो काकू दोन कप्प्यांचा डबा घेऊन आल्या; छोट्या तांगला निरोप द्यायचा, तर उपाशीपोटी कसा द्यायचा, असं त्या मालकीणबाईंना सांगत होत्या. मुलींनी आपसांत ठरवलं होतं, की तो उठला तर हाक मारायची नाही, नुसते हात जोडायचे.

जिंगहाव येतो की नाही या विचाराने यानत्सेचा जीव टांगणीला लागला होता. दिवे मालवल्यावर तो आला. पाठीला पिशवी होती. यानत्सेने न विचारता सातव्या खुर्चीचं तिकीट दिलं, तो ते घेऊन आत गेला.

नूडल्सचा प्रसंग जवळ आला तशी यानत्से पडद्याशेजारच्या दाराशी जाऊन उभा राहिला. या दारातून तो बाहेर येणार. अकरा मिनिटं बसणार. मग जाणार. आपण आठव्या महिन्याची वाट बघत बसलो आणि आठव्या महिन्यात हा नसणार. टिकणार नाही म्हणून मी सुरू करत नाही, संपेल म्हणून हा थांबत नाही... दोघं सारखेच भित्रे, फक्त हा निदान उठून तरी जातो.

यानत्सेने दार ढकललं आणि तोच आत गेला.

पडद्यावर आशेंग वाडगे भरत होता. जिंगहाव खुर्चीतून अर्धा उठला होता. यानत्सेने आठव्या खुर्चीवरची हिरवी पिशवी उचलली, खुर्चीला एक नमस्कार केला आणि बसला.

"बस," तो कुजबुजला.

"अरे, ही रांग..."

"माहीत आहे. महिनाही सातवाच आहे. सुरू करायचं नसतं, मी करतोय. मला तू आवडतोस, जिंगहाव. पहिल्या दिवसापासून, एकाच गालासकट. टिकेल की नाही मला माहीत नाही. नाही टिकलं तर दोघं मिळून रडू... माझ्याकडे डबा आहे."

जिंगहाव अर्धवट उभा तसाच राहिला. मग हळूच खाली बसला. अंधारात त्याचा हात आला, पेरूच्या वासाचा, थोडा चिकट, आणि यानत्सेच्या हातावर विसावला.

मागे पाचव्या रांगेत ग्वो काकू पुढे झुकल्या. "आशेंग आला," त्या म्हणाल्या.

ते दोन शब्द रांगेरांगेतून मागे गेले. उठला नाही. दुसरा आलाय. दोघं आहेत. पडद्यावर पूर चढला, तांग वाहून गेला, आणि थिएटरात कोणी हुंदका दिला नाही. दोनशे माणसं पहिल्या रांगेतल्या एकमेकांकडे झुकलेल्या दोन डोक्यांकडे बघत बसली होती.

पडद्याकडे बघत होता तो एकटा जिंगहाव. तांग बुडाला तेव्हा त्याने यानत्सेची बोटं इतकी आवळली की कळ आली. मग म्हातारा आशेंग होडीत बसला, चूल पेटवली, दोन वाडगे मांडले. एक खाल्ला. दुसऱ्यातला नदीला वाहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडले.

"हे रोज करतो तो?" जिंगहावचा आवाज पार ओला झाला होता.

"रोज."

"मग मी उगाच... इतके दिवस बाहेर बसलो." त्याने डब्यातून एकदम सहा टिश्यू ओढले. "उगाच नाही म्हणा. बाहेर तू होतास."

पुढे दोघांना भान राहिलं नाही, आणि म्हणूनच दिवे लागायच्या आत निसटायचं राहून गेलं. दिवे लागले. दोनशे लोकांना पहिल्या रांगेत एक ढसाढसा रडणारा तरुण दिसला, आणि त्याचा हात धरून बसलेला, छातीवर तीन बगळे छापलेल्या जाकिटातला तिकीटवाला.

"हा तर आपला यानत्से," टॅक्सीवाला म्हणाला.

पहिली रांग विकली गेलेली बघून मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. यानत्से उठून उभा राहिला, माफी मागायला वाकला. ग्वो काकू पाचव्या रांगेतून निघाल्या आणि कोणाकडे न बघता थेट पुढे आल्या. त्यांनी जिंगहावचं मनगट धरलं, घड्याळ बघितलं. मग यानत्सेचं धरलं. चाळीस वर्षांची सवय होती, पूर्ण मिनिट मोजल्याशिवाय त्या कोणाला सोडणार नव्हत्या.

"दोघंही जिवंत आहेत," त्यांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं. "नाडी जरा जलद आहे. ती या वयात असतेच."

आणि मग, नऊ आठवड्यांत न रडलेल्या एका कारणासाठी, त्या टॉवेल तोंडाशी धरून रडायला लागल्या. त्यांच्या मागे मुली, मुलींच्या मागे बाकीचं थिएटर. टॅक्सीवाला एसीच्या नावाने बोटं मोडत बाहेर गेला. त्याने अभिप्रायाच्या वहीतला तो तीन पानी जाब शोधून काढला आणि सतरा सह्यांखाली लिहिलं, 'तांगला पोहता येत होतं. आम्ही बघितलं.'

ग्वो काकूंनी डोळे पुसून डबा उघडला. वरच्या कप्प्यात नूडल्स, खालच्यातही नूडल्स. पिशवीतून दोन वाडगे काढून त्यांनी ते पहिल्या रांगेतच वाढले. भाऊमंडळींना उरलेल्या दहा खुर्च्या पुरतील, असं मालकीणबाईंनी मान्य केलं.

"जेवलात का रे?" काकूंनी विचारलं. "घ्या. गार होतायत."

वाडग्यातून वाफ येत होती. यानत्सेने बाजूला बघितलं. जिंगहावच्या पायाशी प्रवासाची पिशवी होती, हातात नूडल्सचा वाडगा होता, आणि सगळं खूप छान चाललं होतं. यानत्सेला धडकी भरली.

"चुलतभावाला फोन करायला पाहिजे," जिंगहाव म्हणाला. "दुसरा माणूस शोध म्हणावं." त्याने पायाने पिशवी खुर्चीखाली सरकवली, चॉपस्टिक हातात धरल्या आणि खायला सुरुवात केली. वाडगा संपला तरी तो जागचा हलला नाही.